तहान लागल्यावर विहीर खणा
(कसलीही घाई नसलेल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपल्याकडे सांगतात. विहिरीपुरतं ते बरोबर आहे. विहीर एकदा खणली की जिथल्या तिथे राहते. आजोबांनी खणली तरी नातू तिच्यातून पाणी शेंदतो. यंत्रांच्या विहिरींचं तसं नाही. आपण घाम गाळून पाण्यापर्यंत पोचावं आणि वर येऊन बघावं, तर गावच उठून दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून या मार्गदर्शिकेचा पहिला आणि जवळजवळ एकुलता नियम असा: घशाला कोरड पडल्याशिवाय कुदळ उचलू नका.

हे सांगायचा तुम्हाला अधिकार काय, असं विचारणारा कुणीतरी असतोच. अधिकार एवढाच की मी आयुष्यभर वेळेआधी शिकलो. मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो. अजूनही झोपेत माझी बोटं रेमिंग्टनच्या कळा शोधतात. तारेचा मजकूर कमीत कमी शब्दांत बसवायला शिकलो. शुभेच्छांच्या तयार वाक्यांना क्रमांक असायचे, क्रमांक दिला की तिकडे अख्खं वाक्य पोचायचं. लग्नाचा, परीक्षेचा, दिवाळीचा, सगळे क्रमांक मी पाठ केले होते. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांतले निम्मे वापरायचे राहून गेले होते. ट्रंक कॉल ऑर्डिनरी लावावा, अर्जंट लावावा की लाइटनिंग, यावर ऑफिसातले लोक माझा सल्ला घ्यायचे. नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ उघडले आणि सल्लागार बेकार झाला. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरचं हेड कोऱ्या करकरीत नोटेने कसं पुसायचं, हे आमच्या आळीत फक्त मला यायचं. आता व्हीसीआर नाही आणि कोरी नोटही हाताला लागत नाही.

मग २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली. संगणकाचं प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडकायची, म्हणून पन्नाशीला टेकलेले आम्ही कारकून दहावी झालेल्या पोरांशेजारी बाकावर जाऊन बसलो. तिथे मला पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं गिरक्या घेत आत कशी आणायची ते शिकवलं. मी चांगल्या मार्कांनी पास झालो. ऑफिसातला एकुलता संगणक मात्र प्लास्टिकच्या झबल्यात गुंडाळून एसीच्या खोलीत ठेवलेला असायचा आणि चपला बाहेर काढून त्याचं दर्शन घ्यावं लागायचं. निवृत्तीपर्यंत एकाही साहेबाने माझ्याकडे गिरकी घेणारं अक्षर मागितलं नाही.

पात्रता

या अभ्यासक्रमाला वयाची, शिक्षणाची किंवा इंग्रजीची अट नाही. अट एकच, विद्यार्थी अडलेला असावा. पुढे काउंटर, मागे रांग, हातात पाचशेची नोट आणि समोरची बाई म्हणते आहे, “सुट्टे नाहीत काका, स्कॅन करा.” अशा स्थितीत असाल तर तुमचा प्रवेश पक्का समजा. सोफ्यावर बसून, चहा पीत, “जरा बघू या तरी काय असतं ते” म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या वर्षी अर्ज करावा.

पाठ पहिला: ‘ठेवणे’ हे क्रियापद टाळणे

“शिकून ठेवा, उपयोगी पडेल.” हे वाक्य कानावर आलं की जागा सोडावी. शिकणे वेगळं आणि शिकून ठेवणे वेगळं. ठेवणीतल्या साडीचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. चांगली म्हणून नेसायची नाही, कपाटात तळाला ठेवायची आणि दहा वर्षांनी भाचीच्या लग्नाला बाहेर काढली की बरोबर घडीवर विरलेली निघते. ठेवणीतलं ज्ञानही घडीवरच विरतं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकदा एक हुशार मुलगा आला होता. त्याने तासाभरात ईमेल, डिजिलॉकर, नकाशा, टॅक्सी बोलावणे आणि फोटो ढगात ठेवणे एवढं सगळं उरकलं. ढगाबद्दल कुणी काही विचारलं नाही. पावसाळ्याचे दिवस होते. टाळ्या झाल्या, बटाटेवडा झाला. आठवड्याने मी सहज चौकशी केली. चाळीस माणसांपैकी एकाला नकाशा येत होता. त्याला दुसऱ्याच दिवशी व्याह्यांच्या नव्या फ्लॅटवर जायचं होतं आणि व्याह्यांना फोन करून रस्ता विचारणं त्याच्या मानात बसत नव्हतं. बाकी एकोणचाळीस जणांना वडा चांगला आठवत होता.

पाठ दुसरा: गरज ओळखणे

आपल्या आजूबाजूला ज्या गरजा हिंडत असतात, त्यांतल्या पुष्कळशा दुसऱ्यांच्या असतात. मुलाला वाटतं बाबांनी घड्याळात पावलं मोजावीत. दुकानदाराला वाटतं आपण त्याचं ॲप घ्यावं. या गरजांवर शिक्षण होत नाही, फक्त भांडणं होतात.

खरी गरज असली की शिकवणी लागत नाही. पुरावा हवा असेल तर मिस्ड कॉल आठवा. २००३ पर्यंत मोबाइलवर येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. जाणारा कॉल महाग होताच. त्या काळात साऱ्या देशाने मिळून एक लिपी तयार केली, जिचा एकही वर्ग कुठे भरला नाही. आमच्या घरी एक मिस्ड कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे खाली या, दळणाचा डबा जड आहे. ज्या मावशींना सही करता येत नव्हती त्यांनाही ही लिपी येत होती. कितव्या घंटीला फोन कापायचा याचा अंदाज त्यांचा माझ्यापेक्षा नेमका होता. माझे दोन-तीन रुपये तरी महिन्याला चुकून उचलले जायचे.

दुसरा पुरावा आमच्या घरातला. आमची ही “मला त्या फोनातलं काही कळत नाही” असं जाहीरपणे सांगते. एके दिवशी तिच्या बहिणीने मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पाठवले. ही फोटोकडे बघत होती, आणि मी बघतो तर हिने दोन बोटं काचेवर टेकवली, फाकवली आणि फोटो मोठा केला. विहीणबाईंच्या पैठणीचा काठ, मग पदरावरचा मोर, मग पुन्हा काठ. मग डावीकडे सरकवून विहीणबाईंच्या बांगड्या. हे सगळं तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. काठ खरा की नकली, एवढं एकच बघायचं होतं. नकली निघाला. वर्तमानपत्राची बारीक अक्षरं अशीच मोठी करता येतात, हे मी त्यानंतर तिच्याकडून शिकलो.

पाठ तिसरा: गुरू

गुरू घरातला नसावा. घरातल्या गुरूचा मूलमंत्र दोन शब्दांचा असतो: “द्या इकडे.” तो फोन आपल्या हातातून घेतो, अंगठा पाच वेळा हलवतो आणि “झालं” म्हणून परत देतो. काम झालेलं असतं, शिक्षण झालेलं नसतं. दुसऱ्यांदा विचारलं तर तो विचारतो, “परवाच दाखवलं ना?” त्याने दाखवलं ते खरं. जादूगार पण ससा दाखवतोच.

माझा नातू चांगला मुलगा आहे. त्याच्याकडून मी काहीही शिकू शकलेलो नाही, कारण त्याला स्वतःला ते कधी शिकावं लागलं नाही. मासा पोहण्याचे वर्ग घेऊ शकत नाही. उत्तम गुरू तो, ज्याला ती गोष्ट गेल्याच आठवड्यात, रडतखडत, दोनदा पैसे अडकवून आलेली आहे. त्याला कुठे बोट घसरतं ते माहीत असतं. पैसे पाठवायला मला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं. त्यांची पद्धत अशी की फोन माझ्याच हातात, त्यांचे हात पाठीमागे बांधलेले, आणि तोंडाने फक्त, “हं, आता? वाचा काय लिहिलंय ते. वाचा!” त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. पट्टी तेवढी नव्हती.

आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली माझी दुसरी गुरू. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि पुढे केव्हातरी तिच्या गाडीवर लिंबांच्या ढिगाला टेकून तो काळा-पांढरा चौकोन उभा राहिला. ती कुठल्याच शिबिराला गेली नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं, “गिऱ्हाईक सुट्ट्यांपायी परत जातं, मेथी सुकते.” मेथी संध्याकाळपर्यंत सुकते, म्हणून तिचं शिक्षण संध्याकाळच्या आत झालं. माझी पेन्शन सुकत नसल्यामुळे मला तीन वर्षं जास्त लागली.

पाठ चौथा: वही

शंभरपानी, एकरेघी. हिच्याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. माझ्या वहीतला उतारा नमुन्यादाखल देतो:

“वीजबिल. निळ्या चित्रावर दाबणे. थांबणे. पुन्हा दाबू नये. ग्राहक क्रमांक बिलावर वरती आहे, तो घालणे. हिरवी पट्टी आली की पैसे गेले. घाबरू नये.”

‘घाबरू नये’ हे प्रत्येक पानावर आहे. काही पानांवर अधोरेखित आहे.

वहीचा एक दोष कबूल करतो. मध्यरात्री आपण झोपेत असताना फोन स्वतःला सुधारून घेतो आणि सकाळी निळं चित्र जांभळं झालेलं असतं, हिरवी पट्टी खालून वर गेलेली असते. मग त्या पानावर तिरकी रेघ मारून नवं पान घ्यायचं. माझी सध्या चौथी वही चालू आहे. पहिल्या तिन्ही रद्दीत देता येत नाहीत, कारण त्यांत जुने पासवर्ड आहेत आणि त्यांतला कुठला चालू आहे हे मला नक्की सांगता येणार नाही.

पाठ पाचवा: प्रात्यक्षिक (लोकलचं तिकीट)

मुंबईच्या लोकलचं तिकीट काढणं मी आतापर्यंत पाच वेळा शिकलो आहे. पहिलं शिक्षण खिडकीचं. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट, पलीकडून खट् असा आवाज. दुसरं कूपनांचं. कूपनांची पुस्तिका घ्यायची, भिंतीवरच्या सीव्हीएम यंत्राच्या फटीत एकेक कूपन सरकवायचं, यंत्र दणका देऊन त्यावर शिक्का मारायचं. शाई संपत आलेली असली की तारखेऐवजी नुसती सावली उमटायची आणि टीसीशी सावलीबद्दल चर्चा करावी लागायची. हे मी कूपनं निघाल्याच्या पहिल्या महिन्यातच शिकून घेतलं, आणि पुढे ती यंत्रं भिंतीवरून उतरली. तिसरं शिक्षण एटीव्हीएमचं, स्मार्ट कार्ड टेकवून काचेवर स्टेशन शोधायचं.

चौथं यूटीएस ॲप. मुंबईत ते डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं आणि मी त्याच्याकडे बरीच वर्षं पाठ फिरवून होतो, कारण खिडकी होती. पण एका दुपारी आमच्या स्टेशनवर चार खिडक्यांपैकी एकच उघडी होती. रांग जिन्यापर्यंत आलेली आणि मला दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गाठायची होती. पात्रता पूर्ण झाली! मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून ॲप उघडलं. ॲप तिकीट देईना. पुन्हा, पुन्हा. शेवटी शेजारच्या कॉलेजच्या मुलीने सांगितलं, “काका, इथून नाही मिळणार. स्टेशनच्या बाहेर जा.” मला वाटलं ती मला हाकलते आहे.

ती खरं सांगत होती. विनातिकीट गाडीत बसून, टीसी दिसला की तिकीट काढणाऱ्या महाभागांसाठी नियमच तसा केला होता. उपग्रहाने तुमची जागा बघायची आणि रुळांच्या अगदी जवळ असाल तर कागदाशिवायचं तिकीट द्यायचं नाही. तिकीट हवं असेल तर रेल्वेपासून लांब जा. मी जिना उतरलो, रस्ता ओलांडला, वडापावच्या गाडीपाशी उभा राहिलो आणि तिथे एका क्षणात तिकीट आलं. वडापाववाला मान न वळवता म्हणाला, “तिथून जरा पुढे सरका साहेब, तिकीटवाले तिकडे उभे राहतात.” पाहिलं तर खरोखरच खांबाजवळ चार-पाच माणसं आकाशाकडे तोंड करून उभी होती.

हा नियम मी संघाच्या शिबिरात ऐकला असता तर वड्याबरोबर गिळून टाकला असता. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती, म्हणून तो हाडात गेला. आणि हाडात गेला न गेला तोच प्लॅटफॉर्मवरच क्यूआर कोडचे कागद लागले, ते स्कॅन केले की आतूनही तिकीट मिळायला लागलं. पुढे जुलै २०२५ मध्ये रेलवन नावाचं नवं ॲप आलं. ते माझं पाचवं शिक्षण. वहीत त्याच्यासाठी मी दोन पानं कोरी सोडली आहेत, जास्त नाहीत.

एक गोष्ट मात्र बोलून टाकतो. तहान दोन प्रकारची असते. एक आपली आपल्याला लागते. दुसरी, चारातल्या तीन खिडक्या बंद करून लावली जाते. दुसऱ्या प्रकारच्या तहानेनेही माणूस शिकतो, नाही असं नाही. पण रांगेत माझ्या मागे एक आजी होत्या, त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. त्यांनी कुठल्या खांबापाशी जाऊन आकाशाकडे बघायचं?

पाठ सहावा

सेटिंग्जमध्ये जाऊ नये.

पाठ सातवा: जिवंत असणे

दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन रजिस्टरवर सही करायची. रांगेत काहींची अवस्था अशी असायची की दाखला लवकर घ्यावा, उशीर झाला तर खोटा ठरेल. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि अंगठा टेकवायची सोय झाली. पण आयुष्यभर फायली उलटलेल्या माणसाच्या बोटांवर रेघा उरत नाहीत. यंत्र चार वेळा म्हणालं, हा माणूस तो नव्हे. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला काढता येतो. फोन समोर धरायचा, चेहरा गोलात बसवायचा आणि सांगितलं की डोळे मिटून उघडायचे.

मी खिडकीपाशी उजेडात उभा राहून डोळे मिचकावत होतो. समोरच्या गॅलरीत कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. आमची ही आतून आली, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, “पेन्शन चालू राहील हो, पण इथे राहायचंय आपल्याला.”

हे शिक्षण मी दर नोव्हेंबरात नव्याने घेतो आणि डिसेंबरात विसरतो. त्याची लाज वाटून घेऊ नये. वर्षातून एकदा जिवंत व्हायचं असेल तर वर्षातून एकदाच शिकलेलं पुरतं.

अपवाद

इथवर वाचून तुमची खात्री पटली असेल की अडल्याशिवाय काही शिकायचं नाही. आता मलाच ते थोडं मोडावं लागणार आहे.

घरातलं जुनं लोखंडी कपाट विकायचं होतं. भाच्याने त्याचा फोटो काढून विक्रीच्या कुठल्याशा ॲपवर टाकला. अर्ध्या तासात फोन आला. माणूस गोड बोलणारा, बदली होऊन शहरात आलेला, आणि सांगितलेल्या किमतीला तयार! भाव न करता जुनं कपाट घेणारा माणूस या भूमीवर नाही, हे सत्तरीच्या माणसाला कळायला हवं होतं. तो म्हणाला, क्यूआर कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात. वहीत ही कृती नव्हती. पण मी अडलेला होतो, कपाट दारात आडवं पडलेलं, पलीकडून “जल्दी कीजिए अंकल”, आणि अडलो की मी शिकतोच. स्कॅन केलं. पिनचे तीन आकडे घातले.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, भाजीवालीकडे तुम्ही ते आकडे घालता तेव्हा पैसे येतात की जातात?”

चौथा आकडा राहिला. पिन चार आकडी असो की सहा आकडी, यूपीआयमध्ये तो पैसे द्यायला लागतो. घ्यायला काहीही घालावं लागत नाही. हे हिने कुठे ऐकलं नव्हतं. मेथीच्या जुड्या निवडताना मी काय करतो ते रोज पाहिलं होतं.

तेव्हा लक्षात आलं की माझ्यासारख्या, अडला की शिकणाऱ्या माणसाची ख्याती या लोकांपर्यंत पोचलेली आहे. ते मुद्दाम अडवतात. “आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल.” “तुमचं पार्सल अडकलंय.” “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.” कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, पण घशाला कोरड पडलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. म्हणून फोनवरून आलेली तहान आपली समजू नये. फोन ठेवावा, घोटभर खरं पाणी प्यावं आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने सांगावं काय चाललं होतं ते.

ही एवढी एक विहीर मात्र आधी खणा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त. क्रमांक नुसता फोनमध्ये साठवू नका, त्या वेळी हात कापत असतात आणि काही सापडत नाही. उठा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, ठळक लिहा. आणि एक जानेवारीला नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्या.